श्रवणाची भिशी

साहित्यकट्टा म्हणजे एकाच गावातील कवी, कथाकार आणि क्वचित ललितलेखक यांनी महिन्यातून एकदा, बहुधा रविवारी संध्याकाळी, सार्वजनिक वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर एकत्र येऊन परस्परांना आपले लेखन ऐकवण्याची व्यवस्था होय. या व्यवस्थेत ऐकवणे हा हेतू असून ऐकणे हे त्याचे शुल्क आहे, हे ध्यानात घेतल्यावाचून तिच्या एकाही प्रथेचा उलगडा होत नाही. भिशीचा सभासद दरमहा ठरावीक रक्कम भरतो आणि आपली पाळी आली की सगळी रक्कम एकदम उचलतो. कट्ट्याचा सभासदही इतरांच्या कविता निमूटपणे ऐकून घेतो आणि आपली पाळी येताच सर्वांचे कान एकरकमी उचलतो. पहिली पाळी घेऊन पसार होणारा सभासद हा भिशीतील मोठा धोका असतो आणि कट्ट्यावर तो आरंभीच कविता वाचून, घरी पाहुणे आल्याचे सांगत, चपला शोधू लागणाऱ्या कवीच्या रूपाने अवतरतो. म्हणूनच अनुभवी सूत्रसंचालक अशा कवीचे नाव यादीत शेवटून दुसरे ठेवतो. शेवटचे नाव अध्यक्षांचे असते, आणि शाल-श्रीफळ अद्याप हाती पडलेले नसल्यामुळे ते पळून जाण्याचा संभव नसतो.

मराठी लेखकांनी एकत्र जमण्याची परंपरा जुनी आहे. न्या. महादेव गोविंद रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने १८७८ मध्ये पुण्यात ग्रंथकारांची पहिली सभा भरली आणि तिच्यातूनच पुढे साहित्य संमेलनांची मालिका सुरू झाली. १८८५ च्या सभेचे निमंत्रण मात्र जोतीराव फुले यांनी, ज्या सभेत शूद्रातिशूद्रांच्या हक्कांचा विचार नाही तिच्याशी आपले जमणार नाही, अशा आशयाचे पत्र लिहून नाकारले. ही घटना आजच्या कट्टेकऱ्याला सर्वांत अगम्य वाटते. निमंत्रणपत्रिकेवर नाव छापले जात असताना विचारांच्या कारणास्तव ते नाकारणारा लेखक त्याच्या पाहण्यात नाही. १९२३ मध्ये पुण्यात स्थापन झालेले रविकिरण मंडळ हा कट्ट्याचा अधिक जवळचा पूर्वज ठरतो, कारण माधव जूलियन, यशवंत, गिरीश प्रभृती कवींचे हे मंडळ रविवारी चहाच्या निमित्ताने जमत असे आणि काव्यगायनाची प्रथा लोकप्रिय करण्यातही त्याचा मोठा वाटा होता. रविवार, चहा आणि काव्यगायन या तिन्ही गोष्टी वारशाने कट्ट्याकडे आल्या आहेत. वारसा एवढ्यावरच थांबला, याचा दोष अर्थातच मंडळाकडे जात नाही.

कट्ट्याची खरी गुंतागुंत दादीच्या व्यवहारात आहे. दाद म्हणजे श्रोत्याने कविता चालू असतानाच दिलेली पसंतीची पावती. तिचे चलन चढत्या क्रमाने ‘वा’, ‘वा वा’ आणि ‘क्या बात है’ असे असून, मान डोलावणे ही त्यातील सुट्टी नाणी समजावीत. ज्याने ज्याला जितकी दाद दिली तितकी परत मिळावी असा अलिखित करार असल्यामुळे दाद देणाऱ्याचे लक्ष कवितेपेक्षा हिशेबाकडे अधिक असते, आणि कित्येकदा ‘वा’ हा उद्गार ओळ पूर्ण होण्यापूर्वीच येऊन पोहोचतो. गझल या प्रकारात हा व्यवहार विशेष तेजीत चालतो. गझलेत प्रत्येक शेराच्या शेवटी तोच येणारा शब्द वा शब्दसमूह म्हणजे रदीफ आणि त्याच्या आधी येणारे यमक म्हणजे काफिया. तिचे तंत्र नवोदितांना कळावे म्हणून सुरेश भटांनी ‘गझलेची बाराखडी’ सिद्ध केली. कट्ट्यावरील गझलकाराने त्या बाराखडीतून रदीफ तेवढा उचललेला असतो, कारण दोन शेर झाले की तो सभागृहालाही पाठ होतो आणि मग सभागृह तो कवीच्या आधी म्हणू शकते. शिवाय मुशायऱ्याच्या रीतीप्रमाणे शेराची पहिली ओळ दोनतीनदा म्हणायची असल्यामुळे पाच शेरांची गझल ऐकण्यास खंडकाव्याइतका वेळ लागतो. हायकूची गत उलट आहे. शिरीष पै यांनी मराठीत रुजवलेला हा मूळचा जपानी प्रकार अवघ्या तीन ओळींचा असतो. त्यामुळे तो सुचला कसा, कुठे आणि कोणत्या मनःस्थितीत, याचे निवेदन करण्यास कवीला भरपूर अवकाश मिळतो आणि प्रत्यक्ष हायकू कधी होऊन गेला हे पुष्कळांच्या लक्षातही येत नाही.

साहित्यकृतीचे गुणदोष कारणांसह सांगणे म्हणजे समीक्षा. तिला कट्ट्यावर मज्जाव नाही, फक्त तिची कक्षा आखून दिलेली आहे: ध्वनिक्षेपकाचा आवाज कमी होता, वेळेचे बंधन पाळले गेले नाही आणि चहा गार होता, या तीन मुद्द्यांवर निर्भीड मतप्रदर्शन चालते. घरच्या हिशेबाच्या वहीमागे वर्षानुवर्षे लिहीत आलेल्या एखाद्या बाईला आपली कविता पहिल्यांदा मोठ्याने वाचण्याची जागा याच कट्ट्यावर मिळते, आणि ही गोष्ट लहान नाही. परंतु त्या कवितेतल्या शेवटच्या चार ओळी काढल्या तर ती उभी राहील, हे तिला तेथे कोणीही सांगत नाही. सांगितलेच तर आपल्या शेवटच्या चाळीस ओळींचे काय होईल, हा प्रश्न प्रत्येकाच्या मनात असतो. रविकिरण मंडळाच्या काळात केशवकुमार या नावाने अत्रे ‘झेंडूची फुले’ लिहीत होते आणि समकालीन कवींच्या लकबींचे विडंबन, म्हणजे हुबेहूब पण हास्यास्पद अनुकरण, करत होते. आजच्या कट्ट्याला असा विडंबनकार लाभलेला नाही, कारण विडंबनासाठी आधी मूळ कविता कोणीतरी लक्षपूर्वक ऐकावी लागते.

दोन बैठकांमधील पोकळी व्हॉट्सअ‍ॅप समूह भरून काढतो. तेथे रोज सकाळी ‘आई’, ‘पाऊस’ किंवा ‘बाप’ असा विषय दिला जातो, आणि रात्री सर्वोत्कृष्ट, उत्कृष्ट, उल्लेखनीय व सहभागी अशा श्रेण्यांत, कोणीही वगळला जाणार नाही अशा बेताने, छायाचित्रासह सन्मानपत्रे वाटली जातात. वर्षाअखेरीस सभासदांकडून वर्गणी घेऊन प्रातिनिधिक संग्रह निघतो. प्रतिनिधी कोण हे वर्गणीवर ठरते. त्यावर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाची ओळख पटवणारा १३ अंकी क्रमांक, ठळकपणे छापलेला असतो. भारतात हा क्रमांक अर्ज केल्यावर विनाशुल्क मिळतो आणि पुस्तकाच्या गुणवत्तेविषयी तो काहीही सांगत नाही, तरी प्रकाशन समारंभात त्याचा उल्लेख पुरस्कारासारखा होतो.

स्वतः काहीही न लिहिणारा निव्वळ श्रोता ही जात कट्ट्यावर संशयास्पद मानली जाते. तो पुढच्या कार्यक्रमासाठी लवकर आला असावा किंवा कोणा कवयित्रीचा यजमान असावा, असे तर्क होतात. दुसऱ्या बैठकीत त्याला ‘आपण काय लिहिता?’ असे विचारले जाते आणि तिसऱ्या बैठकीला तो खिशातून घडी घातलेला कागद काढतो.

तरीही कधीतरी एखादा सभासद अनवधानाने खरे मत देऊन बसतो. त्यानंतर कट्टा फुटतो आणि ‘नवोदितांना हक्काचे व्यासपीठ’ याच उद्देशाने, त्याच वाचनालयाच्या त्याच मजल्यावर, दुसरा कट्टा स्थापन होतो. पहिल्याने महिन्याचा पहिला रविवार धरलेला असल्यामुळे दुसरा तिसरा रविवार निवडतो. गावातील कानांची संख्या मात्र तेवढीच राहत असल्याने दोन्हीकडचे सभासद तेच असतात. पहिल्या रविवारी रुसून मागच्या रांगेत बसलेला कवी तिसऱ्या रविवारी अध्यक्षस्थानी दिसतो, आणि दोन आठवड्यांपूर्वी तेथेच वाचलेली कविता ताजी रचना म्हणून सादर करून, आधी आलेल्याच ठिकाणी आलेली दाद नम्रपणे स्वीकारतो.