लोभ असावा, थकबाकी भरावी

मराठी माणूस उद्धट आहे, असे म्हणणाऱ्यांनी एकदा कुठल्याही गृहनिर्माण संस्थेचा सूचनाफलक वाचावा. थकबाकीदारांची नावे, फ्लॅट क्रमांकासह. पुढे कायदेशीर कारवाईचा इशारा, तोही ठळक अक्षरांत. आणि सगळ्याच्या खाली, 'आपला नम्र, सचिव'. हा नम्र गृहस्थ जिन्यात समोर आला तर ओळखही देत नाही. पण कागदावर त्याची नम्रता थकबाकीच्या आकड्याबरोबर वाढत जाते.

पत्राच्या शेवटच्या ओळीचा आणि प्रेमाचा संबंध तसा पूर्वीही बेताचाच होता. शिवाजी महाराजांच्या पत्रांवर माथ्यावर राजमुद्रा असे आणि मजकूर संपला की दुसरी, छोटी मुद्रा उमटे : 'मर्यादेयं विराजते'. लिहिण्याची हद्द इथे झाली, एवढाच तिचा सांगावा. पेशवाईत त्या जागी 'लेखनसीमा' आली. यात वाचणाऱ्याच्या तब्येतीची चौकशी नव्हती. मजकुराखाली कुणा हुशार माणसाने आणखी दोन गावे आपल्या नावावर लिहून घेऊ नयेत, याचा तो बंदोबस्त होता. आपण चेकवर रकमेपुढे 'फक्त' लिहून रेघ ओढतो, तसाच.

बंदोबस्तानंतर मानपानाचा नंबर. जुन्या पत्रांत शेवटचा शब्द पाहिला तरी कोण कुणाला लिहितो आहे हे उमगे. बरोबरीच्याला किंवा वरच्याला 'हे विनंती', धाकट्याला 'हे आशीर्वाद' आणि हाताखालच्याला नुसते 'जाणिजे'. 'जाणिजे'नंतर लोभाचा विषय निघत नसे. निघाला असता तर कारभारी घाबरला असता.

इंग्रजांनी आपल्या दप्तरांत आणखी एक गंमत आणली. मामलेदाराचे वर्षाचे उत्पन्न एका रिमार्कात बुडवू शकणारा साहेब पत्राखाली स्वतःला आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक म्हणवून घेई. त्यांच्याकडे ही रीत जुनीच. अमेरिकेत १८०४ साली अलेक्झांडर हॅमिल्टन आणि एरन बर या दोन राजकीय वैऱ्यांनी एकमेकांना जी कडवट पत्रे लिहिली, त्यांच्या खाली दोघेही एकमेकांचे आज्ञाधारक सेवकच होते. ११ जुलैला एका सेवकाने दुसऱ्याला पिस्तुलाची गोळी घातली. इकडे मराठी शाळांतून मात्र 'आपला आज्ञाधारक' इतका रुजला की परीक्षेच्या पेपरात मुलांच्या पिढ्यान्‌पिढ्यांनी अ. ब. क. या नावाने निष्ठा वाहिली.

गोव्यात सरकारी कागदाला एवढीही मुरड नव्हती. सालाझारच्या राजवटीत पोर्तुगीज सरकारी पत्रे 'राष्ट्राच्या हितासाठी' अशा अर्थाच्या शब्दांनी संपत. हिताची व्याख्या अर्थात लिस्बनला होई.

खरी चैन केली ती पोस्टकार्डाने. १ जुलै १८७९ रोजी हिंदुस्थानात पाव आण्याचे कार्ड निघाले आणि मराठी मायेला जागेची टंचाई भासू लागली. कार्डावर माया 'सा. न. वि. वि.' अशी टिंबाटिंबांनी सुरू होई, आणि मजकूर फुगला की लोभ आडवा होऊन समासात जाई. 'थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद' या एका ओळीत पंधरा माणसांचे घर उरकले जाई. मधल्या भावाला थोरांत धरले की लहानांत, हे कार्ड सांगत नसे, आणि तो बिचारा कुठल्याच रांगेत उभा राहत नसे. शिवाय ता. क. होताच. 'कळावे, लोभ असावा' म्हणून झाल्यावर, सही केल्यावर, खाली बारीक अक्षरांत : 'ता. क. – पन्नास रुपये मनीऑर्डरने पाठवावेत.' ज्यासाठी पत्र लिहिले तो मजकूर नेमका हद्दीबाहेर! शिवकालीन चिटणिसाने असल्या पत्राला मुद्रा लावली नसती.

तारेत शब्दागणिक पैसे पडत. तिथे लोभ परवडतच नसे.

आजच्या मंत्रालयात पैशांची अडचण नाही, शब्दांची तर नाहीच. राज्यघटनेच्या कलम १६६ नुसार राज्याचा कारभार राज्यपालांच्या नावाने चालतो. म्हणून शासन निर्णय 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' या ओळीने संपतो आणि खाली सही असते कक्ष अधिकाऱ्याची किंवा उपसचिवाची. निर्णय कार्यालयासाठी चार खुर्च्या घेण्याचा असला तरी आदेश राज्यपालांचाच. खुद्द राज्यपालांना त्या खुर्च्यांची खबर असण्याचे कारण नाही. साध्या पत्राखाली 'आपला विश्वासू' असतो. त्याच्याकडे फाइल सहा महिने पडून राहिली की वरून अर्धशासकीय पत्र येते, आणि त्यात वरिष्ठ एकदम 'प्रिय श्री.' म्हणून हाक मारतात. जाणता कर्मचारी हा जिव्हाळा पाहूनच रजेचा अर्ज शोधू लागतो.

ईमेलमध्ये ही सगळी उतरंड एका 'रिगार्ड्‌स'मध्ये मावते. 'वॉर्म रिगार्ड्‌स' म्हणजे काम अजून व्हायचे आहे, नुसते 'रिगार्ड्‌स' म्हणजे बॉसलाही प्रत गेली आहे. १९९६ साली सबीर भाटिया आणि त्यांच्या सहकाऱ्याने हॉटमेल काढले, तेव्हा प्रत्येक पत्राच्या तळाशी फुकट खाते उघडण्याचे आमंत्रण आपोआप चिकटू लागले. लिहिणारा निरोप घेई आणि त्याच्यामागून कंपनी दुकान मांडे. आपल्या फ्लेक्सवाल्यांनी ही युक्ती उलटी करून दाखवली : वाढदिवस एकाचा, पण तळाला 'शुभेच्छुक' म्हणून चाळीस चेहरे. लग्नपत्रिकेत तर ज्यांना अजून लिहिता येत नाही तेही शेवटी 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!' असे बजावून जातात.

जुन्या वळणाने कागद पुरा करणारा आता वकीलच. त्याची मराठी नोटीस पंधरा दिवसांची मुदत देते, पुढच्या खर्चाची जबाबदारी आपल्यावर टाकते, स्थळप्रत दप्तरी ठेवल्याचे कळवते आणि मग शेवटी, घरच्या पत्रासारखे, लिहिते : 'कळावे, ही नोटीस.' लोभाचा उल्लेख तो पक्षकाराच्या सूचनेवरून गाळत असावा.