अगं, तिचा एचबीएवनसी किती?

काय सांगू तुम्हाला, आमच्या सोसायटीत कुणाला लाजच उरलेली नाही! पूर्वी पगार, वय आणि सुनेचं माहेर या गोष्टी खालच्या आवाजात विचारायच्या असत. आता भर जिन्यात, दूधवाल्यासमोर, बायका एकमेकींना एचबीएवनसी विचारतात. आणि सांगणारीही "सहा पॉइंट दोन" असं सांगते ते दहावीचे टक्के सांगावेत अशा तोऱ्यात.

म्हणजे काय, हे मात्र विचारायचं नाही. तर ऐका. मागच्या दोन-तीन महिन्यांत रक्तात साखर सरासरी किती होती, त्याचा अंदाज देणारा हा टक्का. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या दारात, ६.५ पासून पुढे मधुमेह. आमच्या भिशीतल्या एक वहिनी रक्त द्यायच्या आधी तीन दिवस चहात साखर घालत नाहीत. लॅबवाल्याला फसवायला निघाल्या बाई! तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. साखर त्यांना चिकटून बसते, त्यामुळे तीन दिवसांच्या सोवळ्याने दिवाळीचे अनारसे लपत नाहीत.

हे सगळं खूळ आलंय त्या फुल बॉडी चेकअपमधून. सकाळी सातला मुलगा घरी येऊन रक्त घेतो आणि संध्याकाळी मोबाइलवर पीडीएफ. डॉक्टरांच्या आधी ती फॅमिली ग्रुपवर पोचते, आणि नागपूरच्या आत्या निदान करून मोकळ्या होतात.

बँकेतून निवृत्त झालेल्या काकांचं प्रकरण तर कळलंच असेल. टू-डी इकोत ईएफ साठ टक्के आला. "हृदय साठच टक्के चालतंय हो," म्हणून बाकावर डोळे पुसले, मुलाला अमेरिकेहून बोलवायचं ठरलं. अहो, डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्यात किती बाहेर पडतं, तो हा टक्का! शंभर कुणाचाच नसतो; ५५ ते ७० म्हणजे छान. पण काकांना हे सांगणार कोण? सध्या तीन घरांतून त्यांना सकाळचा उपमा जातो.

थायरॉइडवाल्यांचा वेगळा गट आहे, त्यांच्या वाटेला जाऊ नये. "माझा थायरॉइड वाढलाय" असं जिथं तिथं ऐकू येतं. वाढलेला असतो टीएसएच, आणि तो थायरॉइड बनवतच नाही. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी बनवते. थायरॉइड मंदावली की ती जास्त टीएसएच सोडते. म्हणजे आकडा वर गेला, की बहुधा ग्रंथीचं काम खाली गेलेलं असतं. हे मी एकदा हळदीकुंकवाला बोलले. वाण तेवढं हातात पडलं.

एमआरआयवाले त्याहून रुबाबात. "डिस्क डीजनरेशन" हे शब्द उच्चारले की भाजीची पिशवी नवऱ्याच्या हातात जाते. २०१५ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला, तो पाठ अजिबात न दुखणाऱ्या लोकांचा होता. त्यांतही विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या मणक्यात ही झीज निघाली! म्हणून पाठदुखी खोटी असं नाही हं. पण दुखण्याचा दोष प्रत्येक वेळी त्या झिजेवरच टाकता येत नाही.

आणि ते ठळक छापलेले आकडे! बहुतेक चाचण्यांची नॉर्मल मर्यादा आखतानाच निरोगी लोकांपैकी ९५ टक्के आत बसतील अशी आखतात. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या केल्या, तर ठणठणीत माणसाचाही निदान एक आकडा मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता ६४ टक्के. पॅकेजात तर सत्तर-ऐंशी चाचण्या असतात.

तेव्हा पीडीएफ ग्रुपवर टाकायच्या आधी डॉक्टरांना दाखवा, आणि प्रत्येक ठळक आकड्याला बोट लावून विचारा: याचं काही करायचंय, की नुसतं माहीत असू द्यायचंय?