नुसतं ‘टक’

ट्रॅक्टरचं बोनेट उघडं दिसलं, की आमच्या गावात रस्त्यानं जाणारा माणूस गाडी स्टँडला लावतोच. त्याला काम असतं, घाई असते, पण उघड्या बोनेटवर मत न देता पुढं गेलं तर पाप लागतं अशी काहीतरी समजूत असावी. मत बहुधा एकच असतं : ‘बॅटरी गेली.’ ते उभ्याउभ्या, हेल्मेट न काढता देता येतं.

आमचं गाव निफाडकडचं, म्हणजे द्राक्षाचं. बागेच्या दोन ओळींत नऊ-दहा फुटांचं अंतर, वर वेलींचा मांडव. मोठा ट्रॅक्टर आत घातला तर तो घड तोडत जाणार. म्हणून घरोघर छोटा ट्रॅक्टर आणि मागं औषध फवारायचा ब्लोअर. ऑक्टोबर छाटणी झालेली, बाग फुलोऱ्यात आलेली आणि वरून अवकाळी पाऊस कोसळला, की डाऊनी नावाचा बुरशीचा रोग वाट बघत बसत नाही. सकाळच्या आत फवारणी झाली पाहिजे. आता ट्रॅक्टरला हे सगळं कसं कळतं कोण जाणे. पण उन्हाळ्यात अर्ध्या चावीवर सुरू होणारं हे यंत्र नेमकं त्याच पहाटे म्हणालं, ‘टक.’

बाकी काही नाही. नुसतं ‘टक’.

तात्यांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, आधी ट्रॅक्टरच्या अटी तपासल्या. या छोट्या ट्रॅक्टरांचे मानपान वरपक्षासारखे असतात : क्लच पूर्ण दाबलेला हवा, ब्लोअर फिरवणाऱ्या पीटीओचा दांडा बंद हवा, गिअर न्यूट्रलला हवा, मग चावीकडं लक्ष दिलं जाईल. प्रत्येक अटीला एक बटण, आणि यातलं एक रुसलं तरी वीज सेल्फपर्यंत जात नाही. काही मेस्त्री ‘ही भानगडच नको’ म्हणत ती बटणं वायर जोडून कायमची गप्प करतात. तसा ट्रॅक्टर गिअरमध्ये असतानाही सुरू होतो, आणि चावी मारणारा ट्रॅक्टरशेजारी खाली उभा असला, तर पुढचं फवारणीचं राहत नाही, दवाखान्याचं होतं. पाना किंवा स्क्रूड्रायव्हर आडवा लावून सेल्फ मारणाऱ्या शूरवीरांनाही हेच लागू.

अटी सगळ्या पूर्ण होत्या. तरी ‘टक’. तोवर माणसं जमली. एकानं हेडलाइट लावायला सांगितला, तो झगझगीत लागला. हॉर्नही खणखणीत. मग चावी फिरवली, तर लाइट एकदम मिणमिणता झाला.

‘बघा! बॅटरी!’ सगळे एका सुरात म्हणाले. मतभेद फक्त कुठल्या दुकानातून घ्यायची यावर झाले.

बॅटरीची भानगड नव्हती तेव्हा माझे आजोबा विहिरीवरचं ऑईल इंजिन हँडल मारून चालू करायचे. त्यांचं निदान सोपं असायचं. इंजिन सुरू झालं नाही तर दोष हँडल मारणाऱ्याच्या जेवणात. मोटारीचं हँडल तर उलटा झटका देऊन मनगट मोडायचं. चार्ल्स केटरिंग नावाच्या अमेरिकन गृहस्थानं विजेचा सेल्फ तयार केला, १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांना तो बसला आणि जगाची मनगटं वाचली. ओट्यावर बसून मत देणाऱ्यांची सोय झाली ती वेगळीच, कारण हँडलला मत लागत नाही, दंड लागतात.

तात्यांनी नवी बॅटरी आणली. दुकानदारानं जुनी ठेवून घेतली आणि वर ‘बरं झालं लवकर आलात’ असंही म्हणाला. नवी बॅटरी बसली, हळदीकुंकू झालं, चावी फिरली. ‘टक.’

आता टोचन लावण्यावाचून गत्यंतर नव्हतं. टोचन लावायला दुसरा ट्रॅक्टर लागतो, आणि त्या वेळी घरी असलेला एकमेव ट्रॅक्टर अशा भाऊबंदाचा होता, की त्याच्याशी बांधावरून आमचं बोलणं बंद. तरी तो आला. एक शब्द न बोलता साखळी लावली, ओढलं, आणि डिझेलचं इंजिन भक्कन पेटलं. फवारणी पार पडली. पण ट्रॅक्टर बंद करायची कुणाची छाती होईना. आम्ही जेवत होतो आणि तो अंगणात गुरगुरत उभा होता. एक माणूस ताटावरून उठून डिझेलचा काटा बघून यायचा.

मेस्त्री संध्याकाळी आला. हा माणूस मत देत नाही, म्हणून गावात त्याची फारशी चलती नाही. त्यानं मीटर काढलं. बॅटरीच्या दोन्ही खुंट्यांवर सुया टेकवल्या : १२.६ व्होल्ट. ‘मारा चावी.’ ‘टक’ झालं, लाइट मिणमिणला, पण काटा बाराच्या खाली उतरला नाही.

‘बॅटरी मेली असती तर आता नवाच्या खाली आली असती,’ मेस्त्री म्हणाला. ‘हिच्याकडं तर कुणी मागायलाच आलं नाही. वाटेत कोण अडवतंय ते बघू.’

मग त्यानं एक सुई बॅटरीच्या वजा खुंटीवर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडावर धरली. इथं खरं तर शून्याच्या आसपास दिसायला हवं. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर काहीतरी बिनसलंय. चावी मारली आणि काटा आठाच्या वर. बॅटरीची बरीचशी ताकद वजा खुंटीवरून चेसिसला जाणाऱ्या हातभर काळ्या वायरीच्या वाटेत अडकून बसली होती.

हे गणित मला फार आवडलं. हेडलाइटला चार-पाच अँपिअर पुरतात. खराब जोडातूनही तेवढी वीज सरकत येते, म्हणून लाइट लागतो आणि माणूस फसतो. सेल्फला शे-दीडशे अँपिअर एकदम लागतात. दीडशे अँपिअरच्या वाटेत ओहमचा फक्त दोन शतांश भाग आडवा आला, तरी तीन व्होल्ट तिथंच गडप. आमच्या जोडात त्याहून बरंच जास्त आडवं आलेलं होतं. सेल्फवरच्या विद्युतचुंबकाची, म्हणजे सोलेनॉइडची, दांडी खेचली जाते, ‘टक’ होतं. मोटर फिरायला काही उरतच नाही. हाच जोड थोडा कमी बिघडला, की सोलेनॉइड पकडतो-सोडतो आणि ‘टकटकटक’ ऐकू येतं. अजिबात आवाज नसेल, तर चावी, फ्यूज आणि त्या मानपानाच्या बटणांकडं बघायचं.

मेस्त्रीनं चेसिसवरचा अर्थिंगचा बोल्ट सोडला. वायरीच्या लगखाली लालभडक, चकचकीत, नवाकोरा रंग. दसऱ्याला तात्यांनी हौसेनं ट्रॅक्टर रंगवून घेतला होता. रंगाऱ्यानं इमानदारीनं बोल्ट काढून आतपर्यंत रंग दिला आणि बोल्ट परत आवळला. आट्यांमधून जेमतेम वीज जात होती; पावसाचं पाणी शिरलं आणि तीही घटली. मेस्त्रीनं पॉलिश पेपर मारून लोखंड पांढरं केलं, लग घासला, बोल्ट आवळून वर ग्रीस लावलं. चावी अर्धी फिरली नाही तोच इंजिन सुरू.

तात्यांनी लगेच बॅटरीच्या दुकानाला फोन लावला. आमची जुनी बॅटरी दुपारीच विकली गेली होती. घेणारा आमचा तो भाऊबंद. त्याचा ट्रॅक्टर तिच्यावर छान चालू होतो, असं आम्हाला बांधापलीकडून रोज ऐकू येतं.

तेव्हा बागायतदार मंडळींना एवढंच सांगणं : येत्या दसऱ्याला ट्रॅक्टर जरूर रंगवा, झेंडूच्या माळाही घाला. फक्त रंगाऱ्याच्या डोक्यावर उभं राहून, काळ्या वायरीचा बोल्ट बसतो तिथं रुपयाएवढं लोखंड उघडं ठेवायला लावा.