ब्रुनोले कोण पाहीन?

जून 2022 मध्ये अमरावती-अकोला रस्त्यावर 75 किलोमीटरचा डांबरी पट्टा 105 तास 33 मिनिटांत टाकला गेला आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. त्याआधी याच रस्त्यानं आमच्या मणक्यांचे जे हाल केले, त्यांची नोंद कोणत्याच बुकात नाही. रस्ता झाला तेव्हा आमच्या कॉलेजच्या जुन्या मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकमतानं ठरलं, की आता कारण उरलं नाही, एका रविवारी भेटायचंच. अर्धे अमरावतीचे, अर्धे अकोल्याचे, मध्ये मूर्तिजापूर. रस्ता पाच दिवसांच्या आत झाला. रविवार अजून चर्चेत आहे.

चर्चा मात्र रोज होते. पहाटे अकोल्याहून शेगावच्या गजानन महाराजांचा फोटो येतो, पाठोपाठ अमरावतीहून अंबादेवीचा. मग थोडी जुनी भांडणं. अकोलेकर म्हणतात, मुंबई-हावडा मेन लाइनवर आम्ही आहोत, तुमच्याकडच्या गाड्या बडनेऱ्यालाच थांबतात. एप्रिल 2025 मध्ये बेलोऱ्याहून मुंबईचं विमान उडालं, तेव्हापासून अमरावतीकरांनी याला उत्तर देणं बंद केलं आहे. ते फक्त विमानाचा फोटो टाकतात. एवढं आटोपलं की आठच्या सुमारास ग्रुपचा खरा दिवस सुरू होतो, म्हणजे कुत्र्यांचे फोटो येतात.

आमच्या वयाच्या घरांत कुत्रं कसं आलं, त्याची कथा सगळीकडे एकच. दहावीत अमुक टक्के मिळाले तर लॅब्रॅडोर घेऊ, असा सौदा पोरानं केला. बापाला वाटलं, एवढे टक्के कुठून पडतात! ते पडले. पिल्लू आलं. "ते अंगणातच राहीन," अशी अट आजोबांनी घातली. दोन वर्षांनी पोरगं इंजिनिअरिंगला पुण्याला गेलं, तिथूनच नोकरीला लागलं, आणि पिल्लू वाढून आमच्याकडे राहिलं. आज अमरावती-अकोल्याच्या कितीतरी घरांत दोन म्हातारी माणसं आणि एक कुत्रा एवढंच कुटुंब आहे. ज्यांनी कुत्रा नको म्हटलं होतं ते दोघं त्याला रात्री उठून पाणी देतात आणि ज्यानं हट्ट धरला होता तो व्हिडिओ कॉलवर त्याला बघतो.

अंगणाची अट पहिल्याच मे महिन्यात गेली. वऱ्हाडात पारा 45 च्या पुढं सरकला की तत्त्वं टिकत नाहीत. आमच्या एका वकील मित्राच्या घरी कूलरच्या ऐन झोतात ब्रुनो पसरतो आणि वकीलसाहेब बनियनवर बाजूला बसून त्याच्या अंगावरून वळून येणारी हवा घेतात. कोर्टात अतिक्रमणाचे दावे लढवणारा हा माणूस घरातल्या अतिक्रमणाबद्दल चकार शब्द काढत नाही. एकदा ग्रुपवर कोणी विचारलंच, "काहून बे, त्याले सरकवत काहून नाही?" उत्तर आलं, "झोपला आहे ना भाऊ. उठवू कसा?"

आमच्या लहानपणी जनावरांशी असलं नातं नव्हतं. म्हणजे माया होती, पण तिला जागा ठरलेली होती. बैल गोठ्यात, मोत्या ओसरीखाली. मोत्याला उरलेली भाकर मिळायची आणि त्याच्या जेवणावर घरात कधी चर्चा झाली नाही. कौतुक व्हायचं ते बैलांचं, पोळ्याला. आता शहरातल्या घरांत बैल नाहीत, पण सण अंगातून जात नाही. म्हणून अकोल्याच्या एका मैत्रिणीनं पोळ्याला ब्रुनोच्या जातभाईला, म्हणजे तिच्या सिम्बाला, झूल घातली, गळ्यात घुंगरांची माळ बांधली आणि शिंगं नसल्यामुळं बेगड कानांना लावायचा प्रयत्न केला. तिच्या नवऱ्यानं गंभीर चेहऱ्यानं झडती म्हटली. सिम्बानं बेगड खाल्लं. पुरणपोळीचा नैवेद्य मात्र नुसता दाखवून परत घेतला, कारण डॉक्टरांनी गोड बंद केलं आहे. (सिम्बाचं. नवऱ्याचंही बंद आहे, पण तो ऐकत नाही.)

डॉक्टर म्हटलं की अकोलेकरांची छाती फुगते. पशुवैद्यकातलं पदव्युत्तर शिक्षण देणारी संस्था अकोल्यात आहे, त्यामुळं अमरावतीच्या कोणाचं कुत्रं जरा शिंकलं की तिकडून लगेच निरोप येतो, "माणसं नागपूरले न्या, कुत्रे आमच्याकडे आणा."

सिनेमाचा विषय निघतो तोही कुत्र्यावरून. 'तेरी मेहरबानियाँ' 1985 चा. मालक मेल्यावर त्याचा मोती एकेकाचा सूड घेतो. 'हम आपके हैं कौन' 1994 चा. त्यातल्या टफीनं ऐन वेळी चिठ्ठी भलत्याच पण योग्य माणसाला नेऊन दिली म्हणून सगळ्यांचं भलं झालं. त्यानंतर गावोगावच्या बंगल्यांत पांढरी झिपरी कुत्री दिसू लागली. आमच्या वकिलाचं यावरचं मत स्वच्छ आहे, "माह्या ब्रुनोनं ते चिठ्ठी खाल्ली असती." सूडाबद्दल तर बोलायलाच नको. गेल्या दिवाळीत सिलिंडरवाल्याऐवजी भलताच माणूस आत शिरला तर ब्रुनोनं त्याच्यापुढं शेपटी हलवली आणि चेंडू आणून ठेवला.

घरच्या सगळ्यांनी मिळून पाहावा असा सिनेमा कोणता, यावर मात्र रात्री उशिरापर्यंत घमासान होतं. बायका 1991 च्या 'माहेरची साडी'वरून हलत नाहीत. एक प्राध्यापक 'अरे संसार संसार'चा झेंडा लावून बसतात, कारण त्यात आपल्या अकोल्याच्या विठ्ठल वाघांचं गाणं आहे, आणि त्यावर कोणी वाद घालायचा नसतो. माझ्या आईनं आवडीनं पाहिलेला सिनेमा 'देवकीनंदन गोपाला', 1977 चा. डॉ. लागू पडद्यावर गाडगेबाबा झाले होते. खरे गाडगेबाबा आमच्याच जिल्ह्यातल्या शेंडगावचे, समाधी अमरावतीत, त्यामुळं आई लागूंकडे घरातला माणूस परीक्षेला बसल्यासारखी बघत होती. पास केलं तिनं. अलीकडचा म्हणाल तर 'नाळ'. 2018 साली तो आला तेव्हा आपल्याकडची बोली पडद्यावर पोरासोरांच्या तोंडी ऐकून आम्ही थेटरात उगाच मोठ्यानं हसलो. चैत्या झालेला श्रीनिवास पोकळे अमरावतीचा. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तेव्हा ग्रुपवर इतकी अभिनंदनं आली की नवख्याला वाटावं, नातू आमच्यापैकीच कोणाचा आहे.

थेटरात जाऊन सिनेमा पाहणं मात्र आता दोघं-दोघं जमत नाही. एक जण जातो, दुसरा ब्रुनोजवळ राहतो. मग घरी येऊन पहिला दुसऱ्याला गोष्ट सांगतो. ही पद्धत तीन तासांच्या सिनेमाला वाईट नाही.

सहलीचंही घोडं तिथंच अडतं. चिखलदरा म्हणावं तर पावसाळ्यात धुकं छान, भीमकुंड छान, आणि रविवारी परतवाड्याच्या घाटात गाड्यांची रांगही छान. पुन्हा आजूबाजूला सगळं मेळघाट. 1973 साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ जंगलांतलं हे एक, तिथं कुत्रं न्यायचं नाव काढू नये. बिबट्याच्या लेखी ब्रुनो म्हणजे घरपोच डबा. नरनाळा किल्ला सुचवला तर गुडघे नको म्हणतात. काटेपूर्णा चांगलं, पण अमरावतीकरांना लांब. शेवटी कोणी तरी शेगाव म्हणतं, दर्शन आणि कचोरी दोन्ही होतील म्हणून सगळे हो म्हणतात, आणि तेवढ्यात तो प्रश्न येतो, "हाव, पण ब्रुनोले कोण पाहीन?"

मूर्तिजापूरजवळ एकाच्या भावाचं शेत आहे, तिथं गोवऱ्यांवर रोडगे लावू, वांग्याची भाजी, वरण आणि वरून तूप, कुत्रीही घेऊन या, असा तोडगा निघाला. उत्तम होता. उन्हाळ्यात तो ऊन म्हणून बारगळला, पावसाळ्यात काळ्या मातीत गाड्या फसतील म्हणून, आणि थंडीत रोज कोणाचं तरी लग्न असतं.

पण मला या रखडण्याचं फारसं वाईट वाटत नाही. ग्रुपवर कुत्र्यांच्या नावानं जे चालतं ते निव्वळ कुत्र्यांचं नसतं, हे आता सगळ्यांना कळलं आहे. आमच्यातला एक जण गेल्या साली एकटा पडला. स्वतःबद्दल तो एक अक्षर लिहीत नाही. एका संध्याकाळी त्यानं लिहिलं, "आज शेरू जेवून नाही राहिला." कोणी सल्ला दिला नाही, कोणी डॉक्टरचं नाव सुचवलं नाही. अर्ध्या तासात शेजारच्या गल्लीतली मैत्रीण डबा घेऊन त्याच्या दारात उभी होती. डब्यात वरण, भात आणि सांबारवडी. शेरूला यातलं काही चालत नाही, हे तिलाही ठाऊक होतं. रात्री ग्रुपवर दोनच शब्द आले, "जेवला शेरू."

तेव्हा पुण्या-बंगळुरूच्या पोरांनो, तुम्हाला एक सांगायचं आहे. व्हिडिओ कॉल लागल्याबरोबर "कॅमेरा ब्रुनोकडे कर" म्हणता, खुशाल म्हणा. पण फोन फिरवायच्या आधी तो धरणाऱ्या माणसाकडे जरा नीट बघत जा आणि ब्रुनो जेवला का, हे दोनदा विचारा. आणि या दिवाळीला त्याच्यासाठी परदेशी बिस्किटं आणू नका, त्याचं वजन 42 किलो झालं आहे. त्यापेक्षा चार दिवस घर सांभाळा. आम्हाला मूर्तिजापूरला जायचं आहे.