आर्द्रता ६५ टक्के

ऑर्किडवाल्या काकांना “कसे आहात?” असं विचारण्यात अर्थ नसतो. त्यांच्या बाल्कनीतल्या हायग्रोमीटरकडे बघावं. आकडा ६०च्या वर असेल तर काका आत बोलावून चहा पाजतात. ४०च्या खाली असेल तर बेल वाजवूच नये. एप्रिलच्या दुपारी कोथरूडमध्ये तो २५लाही टेकतो, आणि काकू नेमक्या तेव्हाच माहेरी गेलेल्या असतात. हा योगायोग नाही.

काका मूळचे राजापूरकडचे. सगळं तारुण्य कोकणातल्या ओलीला शिव्या घालण्यात गेलं. चपलांना बुरशी, पुस्तकांना बुरशी, आषाढात वाळत घातलेला पंचा श्रावणात हातात. या हवेला कंटाळून त्यांनी बँकेत पुण्याची बदली मागून घेतली, कोरड्या हवेत फ्लॅट घेतला, आणि निवृत्त झाल्यावर फंडाच्या पैशातून तीच ओल परत विकत आणली. ह्युमिडिफायर, शेडनेट, खडी नि पाणी भरलेले ट्रे, वर फवारे. बाल्कनीत आता साक्षात राजापूर आहे. गंगा तेवढी यायची बाकी आहे.

“अहो, पापड सादळले,” काकू म्हणतात.

“पण फॅलेनॉप्सिसला मानवलंय!” काका म्हणतात.

पाहुण्याने कुंडीकडे बघून “माती कुठली वापरता?” असं विचारलं, की काका दुखावतात. माती? ऑर्किडला? ही जात झाडाच्या फांदीवर राहणारी, मुळांना हवा लागते. म्हणून कोळसा, विटेचे तुकडे आणि नारळाचं सोडण. यातला कोळसा ते खालच्या इस्त्रीवाल्याकडून मागून आणतात. त्याने आता काकांना बघितलं की पोतं खाटेखाली सरकवायला सुरुवात केली आहे. व्हँडाला तर एवढंही लागत नाही. लाकडी टोपलीत टांगलेली, मुळं खाली हातभर लोंबणारी. वाकल्याशिवाय बाल्कनीत जाणाऱ्याच्या तोंडावर ती ओली मुळं बसतात. काका लगेच सांगतात, “बघा, हिरवी आहेत. म्हणजे पाणी प्यायलीत. तहानली की रुपेरी दिसतात.” आपण तोंड पुसत बघायचं.

पण काकांचा खरा अवतार बघायचा तर पानावर डाग पडायला हवा.

त्या दिवशी पेपर घडी न मोडता पडून राहतो. भिंग निघतं, पानामागे टॉर्च धरला जातो, शेजारीपाजारी बोलावले जातात. डाग पांढुरका पडून वाळलेला आणि जागच्या जागी असेल, तर उन्हाचा चटका, सुटलो. खोलगट, काळपट आणि सावकाश पसरणारा असेल, तर बहुधा बुरशी. पण पाण्याने भिजल्यासारखा, भोवती पिवळी कडा असलेला निघाला, तर जिवाणू! “दोन दिवसांत पान खातो, शेंड्यात शिरला तर झाड गेलं,” हे काका ज्या आवाजात सांगतात, त्या आवाजात आमच्याकडे आयसीयूबाहेर बोलतात. शंका असेल तर डागाच्या कडेने बॉलपेनने रेघ मारून तारीख टाकायची आणि रेघ ओलांडतोय का ते बघायचं. त्यांच्या काही पानांवर पासबुकापेक्षा जास्त नोंदी आहेत.

निदान झालं की शस्त्रक्रिया. ब्लेड स्पिरिटने पुसायचं, डागाच्या बाहेर बोटभर निरोगी पान धरून कापायचं, कापलेल्या कडेला दालचिनीची पूड लावायची. कडेलाच, मुळांना लागली तर ती सुकतात. काकूंच्या मसालेभातात दालचिनी नसण्याचं कारण हे.

मूळ दुखणं काय, तर हवा दमट हवी पण पान ओलं राहता कामा नये. पाणी सकाळीच घालायचं, बेचक्यात साचलेला थेंब टिश्यूच्या टोकाने टिपायचा, हवा खेळती ठेवायची. म्हणून बाल्कनीच्या एका टोकाला ह्युमिडिफायर ओल करतो आणि दुसऱ्या टोकाचा पंखा ती वाळवतो. दोघांचं बिल काकू भरतात. वैताग असा, की काकांचं म्हणणं शास्त्राला धरून असतं. फुलं येतात, अडीच-तीन महिने टिकतात, आणि तेवढे दिवस आपल्याला जिन्यात गाठून त्यांचे फोटो दाखवले जातात.

मध्यंतरी काकांच्याच दंडावर एक गोल, लालसर चट्टा उठला. काकू म्हणाल्या, डॉक्टरांकडे चला. काकांनी बॉलपेनने कड आखली, तारीख टाकली आणि म्हणाले, “आठवडाभर बघू.” चट्ट्याने रेघ ओलांडली तेव्हा कुठे गेले. डॉक्टरांनी ती तारीख वाचली, काकांकडे एकदा बघितलं आणि सांगितलं, “गजकर्ण आहे. बुरशीच ही. अंग कोरडं ठेवा, दमट जागेत बसू नका, हवा खेळती हवी.”

काकू इतकं गोड कधीच हसल्या नव्हत्या. काकांनी मलमाची चिठ्ठी खिशात ठेवली, दारापर्यंत गेले आणि वळून विचारलं, “डॉक्टर, वरून थोडी दालचिनी लावली तर?”