पाच एकतीसचा मुहूर्त

प्रागला मित्राच्या लग्नाला चाललोय म्हटल्यावर आमच्या गिरड गावात कोणी व्हिसाचं विचारलं नाही. काकाजींचा एकच प्रश्न: "जेवाले काय राहते तिकडं? पंगत असते का बुफे?" आईला आहेराची चिंता. मित्र नागपूरच्या कॉलेजातला, नवरी प्रागचीच, लग्न जुन्या नगरभवनात सकाळी अकराला. पत्रिकेवरचे अकरा म्हणजे साडेबारा, हा हिशेब समुद्रपूर तालुक्यात शाळकरी पोरालाही येतो. म्हणून मित्रानं बजावलं होतं, "अकरा म्हणजे अकराच. आपल्यामागं दुसरं जोडपं उभं राहणार आहे."

नगरभवनाच्या भिंतीवर 1410 सालचं खगोलीय घड्याळ आहे. तास भरला की हाडांचा सापळा दोरी ओढून घंटा वाजवतो, शेजारचे पुतळे 'नाही, नाही' अशा माना हलवतात, वरच्या खिडक्यांतून प्रेषित फिरून जातात आणि शेवटी कोंबडा आरवतो. लग्नघराच्या दारात असला सापळा आमच्याकडे कोणी टांगला असता, तर नवरदेवाच्या मावशीनं वरात तिथूनच परत फिरवली असती.

आत गळ्यात साखळी घातलेल्या अधिकाऱ्यानं भाषण केलं. दुभाष्यानं ते पुन्हा केलं. सह्या, अंगठ्या, टाळ्या. दोन भाषांत लागूनही लग्न आमच्या मंगलाष्टकांच्या आधी आटोपलं. गिरडात तेवढ्या वेळात वरात बसस्टँडही सोडत नाही. पोट्टे बँडवाल्याला पुढं सरकू देतील तेव्हा ना!

खरी मजा हॉटेलच्या दारात आली. तिथं एक थाळी आपटून फोडली आणि नवरा-नवरीला मिळून काचा झाडायला लावल्या. पाहुणे तुकडे पायानं पुन्हा लांब उडवत होते. होस्टेलच्या खोलीत कधी केरसुणीला हात न लावलेला आमचा मित्र सूट घालून कोपरे झाडतोय, हे बघायला मी एवढ्या लांबून आलो होतो, तिकिटाचे पैसे वसूल झाले. मग दोघांना एकाच टॉवेलमध्ये गुंडाळून एकाच चमच्यानं सूप पाजलं. मला शाकाहारी म्हणून तळलेलं चीज मिळालं, वर बटाटे. आलू-वांग्याच्या भाजीची आठवण येऊ नये म्हणून मी डोळे मिटून खाल्लं.

दुपारी फोटोंसाठी सगळे चार्ल्स पुलावर. नवरीचे वडील निवृत्त इंजिनिअर. त्यांनी सांगितलं की चौथ्या चार्ल्स राजानं पायाचा दगड बसवला तो म्हणे 1357 साली, 9 तारखेला, सातव्या महिन्यात, पहाटे 5 वाजून 31 मिनिटांनी. आकडे ओळीनं मांडा: 1-3-5-7-9-7-5-3-1. म्हणजे मुहूर्ताचं वेड काही आपल्याच वाट्याला आलेलं नाही! मी लगेच घरच्या ग्रुपवर टाकलं. काकाजींचं उत्तर आलं, "पण दगड खरंच टायमावर बसला का?"

पुढं सासरेबुवांनी पुलाच्या चुन्यात अंडी घातल्याची दंतकथा सांगितली. राजानं गावोगावची अंडी मागवली, तर वेलवारी गावानं उकडून पाठवली.

आता गिरडची अब्रू माझ्या हातात होती. मी बाबा फरीदांची टेकडी सांगितली. व्यापाऱ्यांनी फकिराची टर उडवली, तर त्यांचा सगळा माल दगड झाला. टेकडीवर सापडणारे गोल दगड म्हणजे त्यांचेच नारळ. भूगर्भवाले त्यांना झिओलाइट म्हणतात, हेही प्रामाणिकपणे जोडलं.

सासरेबुवांनी पुलाच्या कठड्यावर हात ठेवून बराच विचार केला. मग इंजिनिअरच्या गांभीर्यानं विचारलं, "नारळ सोललेले होते, की शेंडीसकट?"