पुंगळी काढली, ताकद वाढली!

शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुल्याला जाणारा रस्ता मुळातच शांत नाही. उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर डेकवर गाणी लावून निघतात, दुधाचे टँकर वळणावळणावर हॉर्न देतात आणि पारगावजवळचा भीमेचा पूल येईपर्यंत दुचाकीवाल्याचे कान पुरते तयार झालेले असतात. एवढ्या गजरात बिचाऱ्या पिकअपवाल्याकडे कोण लक्ष देणार? त्याची गाडी केडगावच्या बाजारात कांदा नेते, शर्यतीच्या घाटावर बैल नेते, लग्नसराईत वऱ्हाड आणि मंडपाच्या कमानी दोन्ही वाहते. मागे ‘नाद नाय करायचा’ असं ठळक अक्षरात लिहिलेलं असतं आणि कंपनीने दिलेला आवाज मात्र अगदी तलाठी कार्यालयातल्या पंख्याएवढा.

यावर शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांतल्या होतकरू मंडळींनी उतारा शोधला आहे. सायलेन्सर उतरवायचा आणि त्या जागी ‘परफॉर्मन्स एक्झॉस्ट’ चढवायचा. नाव भारदस्त असलं, तरी वस्तू बहुतेकदा एक सरळ नळी असते.

बसवण्याचा विधी सोपा आहे. मिस्त्री गाडीखाली शिरतो, गंजलेल्या नटांवर तेल सोडतो, नट ऐकत नाहीत म्हटल्यावर ग्राइंडर मागवतो. आत पडदे आणि भोकं पाडलेल्या नळ्या असलेला मूळ डबा बाहेर येतो, नवी नळी वेल्डिंगने चिकटते आणि मग मिस्त्री शास्त्रातला अखेरचा मंत्र म्हणतो, “जुना टाकू नका दादा, पासिंगला लागंल.” मालवाहू गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावं लागतं. त्यामुळे कंपनीचा सायलेन्सर गौरीच्या मुखवट्यांसारखा माळ्यावर जपून ठेवला जातो. नेमल्या दिवशी उतरवायचा, पुसायचा, साहेबांपुढे मिरवायचा आणि पुन्हा माळ्यावर.

आता ताकदीचं. बोलेरो पिकअपचं नेहमीचं डिझेल इंजिन २,५२३ सीसीचं, टर्बो असलेलं. इंजिनातून निघालेला गरम धूर आधी टर्बोचं चक्र फिरवतो आणि त्याचा बराचसा जोर तिथेच खर्ची पडतो. पुढे उरतो तो दमलेला धूर. त्याची वाट मोकळी केली तर इंजिनाला फरक पडतो, पण इतका किरकोळ की दीड टन कांद्याला तो कळतही नाही. आवाज मात्र भरपूर मोकळा होतो.

बीएस-६ गाड्यांत तर आणखी मौज आहे. १ एप्रिल २०२० पासून हे मानक लागू झालं आणि डिझेल गाडीच्या पोटात काजळी अडवणारी जाळी आली. ही जाळी काजळी साठवते आणि अधूनमधून सुमारे ६०० अंश सेल्सियसपर्यंत तापून ती जाळून टाकते. तिच्या अलीकडचा-पलीकडचा दाब मोजायला सेन्सर असतो. मिस्त्रीने जाळी उडवली की सेन्सर गाडीच्या कॉम्प्युटरकडे चुगली करतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि गाडी दम धरेनाशी होते. ताकद वाढवायला केलेल्या खर्चातून असलेली ताकदही गेली, की लॅपटॉपवाला बोलवावा लागतो. तो कॉम्प्युटरला समजावतो की जाळी जागेवरच आहे. सरकारी कागदपत्रांची सवय असलेल्या माणसाला यात काहीच नवल वाटत नाही.

चाचणीचं काय? पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय ही संस्था आहे. १९६६ साली स्थापन झालेली, गाड्यांचा धूर, आवाज, ताकद सगळं मोजणारी. पण तेवढ्या लांब कोण जाईल? इकडची पद्धत जास्त लोकाभिमुख आहे. शाळेच्या फाटकाशी ॲक्सिलरेटर दाबावा. गुरुजींचा खडू थांबला तर नळी पास. रात्री साडेअकराला आळीतून जावं. तीन ओसऱ्यांवरचे दिवे लागले तर उत्तम. मागच्या हौद्यात बैल उभे असतील आणि ते बिचकले, तर सर्वोत्तम. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १८ मे २०२३ रोजी बैलगाडा शर्यतींच्या कायद्याला मान्यता दिली, त्यात बैलाला इजा होऊ नये म्हणून अटी आहेत, चाबकाला मनाई आहे. घाटापर्यंतच्या प्रवासात त्याच्या कानाला काय सोसावं लागतं, हे कुणी विचारत नाही.

वेगाची चाचणीही होते. चौफुल्याला पोचायला पूर्वीइतकाच वेळ लागतो, कारण पुढे उसाचा ट्रॅक्टर असतो.

राहता राहिली पीयूसी. डिझेल गाडी न्यूट्रलला ठेवून ॲक्सिलरेटर दाबायचा, नळीत नळी घालून धूर किती काळा ते मोजायचं. आवाज मोजायची सोय त्या चाचणीत नाही. म्हणजे अख्खी आळी जागवणाऱ्या गाडीला ‘प्रदूषण नियंत्रणात’ असं प्रमाणपत्र रीतसर, फोटोसह मिळू शकतं.

कायदा मात्र बहिरा नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२० प्रत्येक गाडीला, अगदी ट्रॅक्टरलाही, आवाज कमी करणारा सायलेन्सर सक्तीचा करतो. मोटार वाहन कायद्याचं कलम १९०(२) आवाज आणि धुराचे निकष मोडणाऱ्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही सांगतं. सोबत तीन महिने परवान्यासाठी अपात्रता. गाडीत बेकायदा फेरफार केल्याचा, कलम १८२अ खालचा ५,००० रुपयांचा दंड, सहा महिन्यांपर्यंतची कैद किंवा दोन्ही वेगळंच. शिवाय २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रहिवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पुण्यात, नागपुरात पोलिसांनी जप्त सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांच्यावरून रोलरही फिरवला. पण त्या फोटोंत बहुधा बुलेटची पुंगळी असते. पिकअपची नळी गाडीच्या पोटाखाली; ती पाहायला वाकावं लागतं. शिरूरची गाडी एमएच-१२, दौंडची एमएच-४२. वाकण्याच्या बाबतीत दोन्ही आरटीओ कार्यालयांत एकमत दिसतं.

हा रोग आपल्या मातीतला नाही, याचं समाधान मानायचं तर मानावं. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने २०२० मध्ये हिशेब मांडला, तेव्हा दहाएक वर्षांत तिकडच्या साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपमधली धूर रोखणारी यंत्रणा मालकांनी काढून टाकल्याचं निघालं. आणि नुसते मालकच कशाला? कोथरूडकरांना १९६२ पासून परिचित असलेल्या कमिन्सने डिसेंबर २०२३ मध्ये तिकडच्या राम पिकअपच्या इंजिनांत धुराच्या चाचण्यांना चकवणारी सोय केल्याच्या आरोपावरून १६७.५ कोटी डॉलरचा दंड भरायची तयारी दाखवली. कमिन्सचं मुख्यालय इंडियाना राज्यातल्या कोलंबस या गावी. इंजिनाच्या सायलेन्सरचं पेटंट १८९७ साली घेणारे रीव्हज बंधूही त्याच कोलंबसचे!

तेव्हा ज्या पिकअपवाल्याला खरोखरच ताकद हवी आहे, त्याने एअर फिल्टर झटकावा, इंजेक्टर तपासून घ्यावेत, टायरमध्ये हवा बरोबर ठेवावी आणि दीड टनाच्या गाडीत दीडच टन भरावा. ही सगळी कामं शिरूरला आणि दौंडला कुठल्याही गॅरेजात एका सकाळीत होतात.